चौदा नंबरची चिठ्ठी

"ही चिठ्ठी तुमचीच ना, करुणाताई?"

दिग्विजय साहेबांनी मोबाइल पुढे धरला. परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं फोटो पाठवला होता. घडीचा महागडा चाकू, शेजारी पेटीतली तपासणीची चिठ्ठी, तिच्यावर चौदा नंबर. दोरी कापताना चाकूचं लॉक सुटलं होतं आणि पातं मिटून त्याच्या बोटांवर आलं होतं.

लोणी देवकरच्या त्या कारखान्यात अकरा वर्षं चौदा नंबर म्हणजे करुणा. ती प्रत्येक चाकू उघडायची, खटका ऐकायची, मग पात्याची पाठ लाकडी ठोकळ्यावर दाबून बघायची. पातं जरा जरी हललं, तर बिजागरीच्या स्क्रूवर लाल ठिपका देऊन चाकू वेगळा टाकायची. चिठ्ठी फक्त पास झालेल्याला.

"माझ्या हातनं असा माल जात न्हाय."

"नजर चुकली असंल. तसं लिहून द्या, विषय संपला."

"मी नजरेनं तपासत न्हाय, साहेब. हातानं तपासते. फोटो मोठा करा बरं."

स्क्रूच्या खाचेत केसाएवढी लाल रेघ होती. तिनं दिलेला ठिपका कुणीतरी पुसला होता.

तिच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलाच्या खणात असायचा. खणाला कुलूप नव्हतं, आणि शेजारच्या टेबलावर पॅकिंगला नवीन आलेली पिंकी बसायची. सकाळपासून पिंकीनं मान वर केली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत करुणानं तिला नळापाशी गाठलं.

"माझ्या चिठ्ठ्या तू घेतल्यास?"

पिंकीच्या बोटांना थिनरचा वास येत होता. कातडी पांढरी पडून सोलली होती.

"ताई, तुमाला ठावं हाय असंच वाटलं मला. साहेब म्हणले, करुणाताईंनी परत तपासलेत. ठिपके तेवढे पुस आन् चिठ्ठ्या घाल."

तिच्यावर संशय घेतल्याची करुणाला लाज वाटली. ती सरळ तयार मालाकडे गेली आणि पेट्या उघडू लागली. चाळीस पेट्यांत सहा चाकू निघाले, खाचेत लाल राहिलेले. बायका भोवती जमल्या. करुणानं पहिला चाकू ठोकळ्यावर दाबला. पातं खट्‌कन मिटलं. दुसऱ्याचंही तेच.

दिग्विजय धावत आला. "कुणाला इचारून पेट्या फोडल्या?"

करुणानं तिसरा चाकू उघडून त्याच्यापुढे ठेवला. "बोट मधी धरता का, साहेब? मी दाबते."

त्यानं हात मागे घेतला.

"लिहून द्या म्हणले ना तुमी? घ्या." तिनं सहा पेट्यांचे नंबर कागदावर उतरवले आणि खाली पूर्ण नावाची सही केली. टेम्पो त्या दिवशी भरला गेला नाही.

संध्याकाळी काम सुटल्यावर गेटवर शबीना होती, बायकांच्या झडतीला. अकरा वर्षं ती नुसती हातानंच 'जा' म्हणायची. आज ती आडवी उभी राहिली.

"वरनं फोन आलाय, करुणा. चाकू बाहेर नेतीस म्हणून." तिचा आवाज खाली गेला. "पिशवी दाखव."

मागे बायकांची रांग थांबली. करुणानं पिशवी टेबलावर रिकामी केली. छत्री, बाटली, औषधाची पट्टी, डबा.

"डबा ऱ्हाऊ दे गं," शबीना म्हणाली.

करुणानं झाकण काढून डबा तिच्यासमोर धरला. आत अर्धी भाकरी होती.

"नीट बघ, शबीना. तुझं काम हाय ते."