कनिकाच्या मेंढ्या

अंतरवाली सराटीची रेणू अंबडच्या कॉलेजात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं पहिल्यांदाच एका गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या दिवसांत गेम बनवायच्या ऑनलाइन मेळाव्यात, नाव घातलं. या जॅमचा नियम जरा वेगळा होता. पहिले चार दिवस ज्यानं त्यानं आपला गेम करायचा आणि कोडसकट सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. पुढचे चार दिवस दुसऱ्या कुणाचा तरी गेम उचलून पुढं न्यायचा. मूळ माणसाचं नाव पहिल्या पानावर राहिलंच पाहिजे.

रेणूनं विहिरीतून पाणी शेंदायचा गेम केला होता. तो कुणीच उचलला नाही. अर्धा दिवस ती फुगून बसली, मंग यादी उघडून दुसऱ्यांचे गेम बघू लागली. त्यात तिला परतूरच्या कनिकाचा गेम सापडला. शहागडजवळच्या हायवेवरून मेंढ्या पलीकडं न्यायच्या, एवढाच खेळ. कनिकाच्या घरचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भुसार दुकान, मेंढ्या तिनं गाडीच्या काचेतूनच बघितलेल्या. पण चित्रं अशी काढली होती की रेणू बघतच राहिली. गोदावरीचा पूल, धाब्यांच्या पाट्या, ट्रकच्या मागं रंगवलेली फुलं. मेंढ्या तेवढ्या बिघडल्या होत्या. बोट लावलं की एकेक मेंढी वाटेल तिकडं पळायची.

रेणूचे वडील रायभान शेजारी चहा पीत बसले होते. चार वर्षांपूर्वी मेंढ्या विकून ते शेतीला लागले, त्याआधी सारी हयात कळपापुढं चालण्यात गेलेली. त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली.

"ह्या मेंढ्या न्हाईत, कोंबड्या हैत," ते म्हणाले. "मेंढरू एकटं पळत नसतं. एक शेळी म्होरं घाल. ती निघाली की बाकीच्या बराबर मागं येतेत. आन् शेवटचं लंगडं मेंढरू येऊस्तोवर शेळीला थांबवावं लागतं, ते इसरू नको."

रेणूनं दोन दिवस खपून तसंच केलं. खेळणाऱ्याच्या हातात फक्त शेळी दिली. कळप तिच्या मागं चालू लागला, सगळ्यात मागं एक लंगडं मेंढरूही आलं, आणि ते येईपर्यंत शेळी पुढं हलायची नाही. आता अडचण ट्रकची झाली. कळप हळू, ट्रक जोरात, दर खेपेला मेंढ्या चिरडायच्या. शेवटी तिनं सगळे ट्रक काढून टाकले, डांबरी रस्त्याच्या जागी गाडीवाट घातली आणि गेम चढवला.

तासाभरात कनिकाचा मेसेज आला, माझे ट्रक कुठे गेले म्हणून. मागोमाग फोन. रेणूनं आधीच आवाज चढवला. मेंढ्या मरत होत्या, दुसरं काय करणार, असं तिनं सांगितलं.

"शहागडला एकदा आमची गाडी अडकली होती," कनिका म्हणाली. "पुढे एक म्हातारे आजोबा मेंढ्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. कुणी थांबतच नव्हतं. तेव्हा एका ट्रकवाल्यानं ट्रक आडवा लावला, खाली उतरला आणि शेवटची मेंढी जाईपर्यंत हात वर करून उभा राहिला. मी गेम त्या माणसासाठी करत होते. मला तो जमला नाही, म्हणून नुसते ट्रक राहिले."

गेममध्ये हे कुठंच दिसत नव्हतं, आणि रेणूनं विचारलंही नव्हतं. ती म्हणाली, "तू तो माणूस काढून दे. थांबवायचं मी बघते."

दीड दिवस उरला होता. कनिकानं परतूरहून चित्रं पाठवली, लुंगीतला, खांद्यावर रुमाल टाकलेला ड्रायव्हर. रेणूनं ट्रक परत आणले. शेळीनं कडेला दम धरला तर एक ट्रक आडवा लागायचा. घाई केली तर न्हाई लागायचा. रायभाननी तीनदा खेळून बघितलं आणि शेळी फार लवकर वळते एवढीच तक्रार केली. ती चूक दुरुस्त करून रविवारी दुपारी, वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी, तिनं गेम परत चढवला.

जॅम संपला तरी कोड खुलाच होता. पंधरा दिवसांनी जालन्याच्या तृप्ती नावाच्या मुलीनं तो उचलला. तिनं मेंढ्या काढून शाळेची पोरं घातली, शेळीच्या जागी लाल रिबिनीची एक मुलगी. रेणूचं डोकंच फिरलं. तिनं कनिकाला फोन लावून सांगितलं की आपला सगळा कळप पुसून टाकला.

"माझ्या ट्रकच्या वेळी मलाही असंच झालं होतं," कनिका म्हणाली. "आधी खेळून तर बघ."

रेणू नाखुशीनं खेळायला बसली. पोरं रिबिनवालीच्या मागं रांगेनं चालली. जड दप्तराचा एक बारका पोरगा मागं पडला, तशी ती मुलगी थांबली आणि तो येईपर्यंत हलली न्हाई. थांबायची ती कोडची ओळ रेणूनं लिहिलेली होती. तृप्तीनं तिला हात लावला नव्हता. पहिल्या पानावर तिघींची नावं होती, कनिका, रेणू, तृप्ती.

तिनं गेम तीन-चार वेळा खेळला. दुभाजकापाशी पोरं अडकून पडत होती. ती चूक कोडमध्ये कुठं आहे आणि कशी काढायची, ते तिनं तृप्तीला सविस्तर लिहून पाठवलं.