दादा पुन्हा रुसला

आईचं ऑपरेशन करायचं की नाही, यावरून दोघा भावांचं बिनसलं आणि आई गेल्यावर बोलणंच तुटलं. थोरला छापखान्यातून निवृत्त झालेला, धाकटा दुसऱ्या शहरात घड्याळं दुरुस्त करणारा. हट्टाला पेटले की दोघेही कुणाचे नव्हेत. पण दुपारची जेवणं झाली, की आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून दोघं रणगाड्यांचा एक जुना खेळ एकाच बाजूने खेळायचे. धाकटा लिहायचा, "दादा, डावीकडे बघ." थोरला लिहायचा, "माझ्यामागे राहा." एवढंच काय ते बोलणं.

मग थोरल्याच्या कॉम्प्युटरने मान टाकली. मुलीने हौसेने नवा लॅपटॉप आणला. तापत नाही, घरघरत नाही. खेळ मात्र सुरूच होईना.

"बाबा, याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे. जुन्या प्रोग्रॅमसाठी आत एक दुभाष्या असतो, बाकी सगळं तो चालवतो. पण या खेळात लबाडी पकडणारा पहारेकरी आहे, तो दुभाष्याला दारातच अडवतो. कंपनीने नवी आवृत्ती काढली तरच."

"कधी काढतील?"

"देव जाणे. तोवर काकांना फोन करा की."

"आधी त्याने करावा."

फोन आला नाही. दुपारी काय करावं ते थोरल्याला सुचेना. शेवटी त्यानेच नंबर फिरवला. भावजयीने उचलला.

"आत्ता आठवण झाली, दादा? हे रोज खेळ उघडून वाट बघायचे. म्हणायचे, दादा पुन्हा रुसला, माझंच काही चुकलं असेल. काल अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात आहोत. बोलत नाहीत."

"फोन लाव त्याच्या कानाला."

पलीकडे नुसता श्वास.

"बारक्या, अरे कॉम्प्युटर बदलला माझा. त्याच्यावर आपला खेळ चालत नाही. रुसलो नाही रे मी. ऐकतोयस ना?"

मिळेल त्या गाडीने तो निघाला. पोचला तेव्हा खाट रिकामी होती.

"तुमचा फोन झाल्यावर डोळ्यांतून पाणी आलं यांच्या," भावजय म्हणाली. "पण डॉक्टर म्हणतात, ते आपोआपही येतं."

यातलं काय खरं मानावं, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही.

पुढे खेळाची नवी आवृत्ती आली. मुलीने ती चालवून पाहिली, आणि बाबांना न सांगताच काढून टाकली.