चौथ्या प्रश्नाचं उत्तर

गुरुवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी संघमित्रा सोनटक्केने लवू घाडीला प्रशिक्षणाच्या वर्गातून बाहेर काढलं. हजेरीच्या कागदावर त्याच्या नावापुढे तिने शेरा लिहिला: 'सत्रात वारंवार अडथळा.'

कंपनी लिफ्ट दुरुस्तीची, ऑफिस अंधेरीला मरोळमध्ये. सुरक्षेचं हे एक दिवसाचं प्रशिक्षण दरवर्षी पुरं करावं लागतं. ते झालं नाही तर कामाचं कार्ड अडकतं, आणि कार्ड नसलेल्या माणसाला लिफ्टला हात लावता येत नाही. त्या दिवशी खोलीत बावीस मेकॅनिक होते. संघमित्रा एकोणतीस वर्षांची, इंजिनिअर, दोन वर्षं हेच शिकवणारी. लवू चोपन्नचा, कांदिवलीचा, त्यातली तीस वर्षं लिफ्टच्या कामात घालवलेला.

सकाळपासून त्याने तिचा जीव खाल्ला होता, हेही खरंच. साडेनऊला तो मोठ्याने जांभई देत म्हणाला, "मॅडम, चाय कधी?" दहाला फोनवर कुणाला तरी ताजे बांगडे कुठे मिळतील ते समजावत होता. हेल्मेटचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "टकलावर बसणारा देतास काय?" वर्ग हसला. अशा माणसाला कसं आवरायचं याचं प्रशिक्षण संघमित्रानेही घेतलं होतं. ती त्याच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिली. त्याला फळ्यावर लिहायचं काम दिलं. चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन नीट बोलली. तो म्हणाला, "बरां."

मग लिफ्टच्या टपावर चढण्याची स्लाइड आली. तिने वाचून दाखवलं, "तीन, टपावर पाऊल ठेवा. चार, लाल बटण दाबून लिफ्ट बंद करा."

"अगो चेडवा," लवू मागून म्हणाला, "पयला बटण. मगे पाय."

"काका, प्रश्न शेवटी."

"प्रश्न नाय गो. तू कधी चढलंस टपावर?"

पुन्हा हशा. ती कधीच चढली नव्हती. तिचे कान तापले. चेडू म्हणजे पोरगी, एवढं तिला कळत होतं. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर जा." लवूने डबा उचलला, चपला सारख्या केल्या आणि गेला. त्यानंतर वर्ग इतका शांत झाला की तिला स्वतःचा अभिमान वाटला.

संध्याकाळी ती मुलुंडला घरी बसून परीक्षेचे एकवीस पेपर तपासत होती. चौथा प्रश्न टपावर चढण्याच्या क्रमाचा. एकवीसच्या एकवीस जणांनी स्लाइडवरचाच क्रम लिहिला होता. एकाने आधी बटण लिहून ते खोडलं होतं. नंदू पेडणेकर नावाच्या मेकॅनिकने समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कामावर आम्ही आधी बटण दाबतो. पेपरसाठी हे लिहिलं आहे.'

तिने कंपनीची मूळ पुस्तिका काढली. दार उघडायचं, बाहेरूनच हात घालून बटण दाबायचं, लिफ्ट खरंच थांबली ना ते पाहायचं, मग पाऊल; नाहीतर माणूस टपावर असताना लिफ्ट चालू होऊ शकते. चित्रं एका स्लाइडवर बसवताना तिनेच दोन ओळींची अदलाबदल केली होती. खोलीतल्या बहुतेकांना ते कळलं होतं. बोलला एकच, आणि तो बाहेर गेल्यावर बाकीच्यांनी मॅडमला हवं ते लिहून दिलं.

तिने वरिष्ठ चैतन्यला फोन लावला.

"स्लाइड बदल आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाक, विषय संपला," तो म्हणाला.

"आणि घाडी?"

"त्याचं राहू दे यार. गेल्या वर्षीपण त्याने एका ट्रेनरची वाट लावली होती. तुझा शेरा गेलाय त्याच्या शाखेत, आता कशाला उकरतेस?"

तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. तरी तिने ग्रुपवर लिहिलं ते एवढंच: 'सुधारित स्लाइड जोडली आहे. कृपया पाहावी.' एकवीस जणांपैकी काहींनी अंगठा पाठवला.

शुक्रवारी दुपारी तिने लवूला फोन केला. कार्ड अडकल्यामुळे शाखेने त्याला भांडुपच्या गोदामात बसवलं होतं.

"बोला मॅडम," तो म्हणाला. कालची मालवणी पार गेली होती.

"काका, तुमचं बरोबर होतं."

"ते मला माहीत होतं."

"मी सॉरी म्हणायला..."

"नंदूने मला तुमचा मेसेज दाखवला. सुधारित म्हणजे काय? आधी चांगलं होतं, आता जास्त चांगलं केलं?"

तिने समोरच्या लॅपटॉपवर तो मेसेज पुन्हा वाचला.

"त्या खोलीत दोन पोरं नवीन होती," लवू म्हणाला. "बाकीचे पेपरात काय पण लिहितील, कामावर करायचं तेच करतील. ती दोघं तुम्ही सांगितलं तसं करतील. त्यांना आधी सांगा. माझं कार्ड राहू दे." मग तो म्हणाला, "मस्करी जास्त झाली माझी. ते मी मान्य करतो."

हे त्याने म्हणायला नको होतं, असं तिला वाटलं. त्याच्या कबुलीपुढे तिचं सॉरी आणखी हलकं झालं.

तिने आधी त्या दोघांना फोन केले आणि क्रम त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला. मग ग्रुपवर लिहिलं: 'काल मी शिकवलेला क्रम चुकीचा होता. चूक माझी. लवू घाडी यांनी ती दाखवली, तेव्हा मी त्यांना बाहेर काढलं.' चार वाजून दहा मिनिटांनी शाखेला पत्र गेलं, शेरा मागे घेतल्याचं. चैतन्यचं एका ओळीचं उत्तर आलं: 'हे आधी मला दाखवायचं होतंस.' ग्रुपवर या वेळी कुणीच अंगठा पाठवला नाही.

शाखेकडून उत्तर आलेलं नाही. सोमवारी संध्याकाळी पुढच्या प्रशिक्षणाची यादी आली, या वेळी राहून गेलेल्यांची. तिने ती तीनदा वाचली. लवू घाडीचं नाव तीत नव्हतं. कार्ड परत मिळालं म्हणून नव्हतं, की त्याला कायमचं गोदामात ठेवलं म्हणून, याचा यादीत काही उल्लेख नव्हता. तिने त्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्याने उचलला नाही.