मी इंजिनाचा ताप मोजतो

मित्रांनो, गाडीच्या इंजिनातल्या पाण्यात अंगठ्याएवढा, पितळी अंगाचा एक सेन्सर नाक बुडवून बसलेला असतो. तसाच एक जुना सेन्सर मी. देवळ्याच्या महेशच्या गाडीत मला अकरा वर्षं झाली.

माझ्या पोटात एक काळा मणी आहे. पाणी गार असलं की तो विजेला अडवतो, तापत गेलं की वाट देत जातो. थंडीतल्या पहाटे माझा अडथळा तीन-चार हजार ओहम असतो; इंजिन तापलं की जेमतेम तीनशे. एवढ्यावरून गाडीचा कॉम्प्युटर ताप ओळखतो, पेट्रोल किती द्यायचं ते ठरवतो, पंखा लावतो. माझ्यापासून चार बोटांवर मिनिटाला हजारो स्फोट होतात, आणि त्या आगीशेजारचं पाणी उकळत नाही! पहिल्या दिवशी मी थक्क झालो होतो. अजूनही होतो.

महेश दर मंगळवारी आणि शुक्रवारी आईला, चंद्रभागाबाईंना, डायलिसिससाठी नाशिकला नेतो. त्यांची मूत्रपिंडं थकली आहेत; रक्त गाळायचं काम तिथलं यंत्र करतं. एक पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं आणि धाप लागते.

यंदा खंडेनवमीला पूजेआधी महेशने गाडी धुतली. हौसेने बॉनेट उघडून इंजिनावरही प्रेशर पंपाने पाणी मारलं. ते माझ्या वायरीच्या जोडात शिरलं आणि महिनाभरात तिथे हिरवा गंज चढला. मी तापल्याचं सांगायचो. कॉम्प्युटरपर्यंत पोचायचं की गार आहे.

एका मंगळवारी गाडी पिंपळगावजवळ चहाला थांबली, ती पुन्हा चालूच होईना. इंजिन तापलेलं, काटा मात्र गारवर, पंखा बंद. इंजिन गार आहे असं समजून कॉम्प्युटर इतकं पेट्रोल ओतत होता की ते पेटेचना. साडेदहा वाजले होते. चंद्रभागाबाईंची पाळी बाराची.

शेजारच्या गॅरेजातून मल्हारी मिस्त्री आले. त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला. त्यावर बावीस अंश दिसले.

"सेन्सर गेला," ते म्हणाले. "गाडी दोन तास गार होऊ द्या, मग चालू होईल. पंखा डायरेक्ट करून देतो. कायम फिरत राहील."

"गेला हे कशावरून?" मागच्या सीटवरून चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"आजी, तीस वर्षं हेच करतोय मी."

"करत असशील बाबा. पण रक्त तपासल्याबिगर डाक्टर माझी गोळी बदलत नाय. तू तर बघताबरोबर मयत करून मोकळा झाला!"

"आई, गप ना," महेश ओशाळला.

मिस्त्री मात्र हसले. "घ्या! आजींचा हुकूम." त्यांनी माझी वायर काढली आणि मीटरची दोन टोकं मला टेकवली.

तीनशे वीस ओहम.

मिस्त्री थबकले. हा आकडा ऐंशी अंशांचा होता. बॉनेट उघडं, इंजिन हळूहळू निवत होतं, तसा आकडा चढू लागला. तीनशे तीस. तीनशे पंचेचाळीस.

"महेशराव, हा जिवंत आहे," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले. "एकेक अंश सांगतोय. ह्याचं बोलणं वाटेतच अडतंय."

त्यांनी जोड उजेडात धरला, तेव्हा गंज दिसला. बारीक ब्रश आणि स्प्रे मारून त्यांनी तो साफ केला, पिना घट्ट केल्या, वायर परत लावली. स्कॅनरवर शहात्तर! मग साठलेलं जादा पेट्रोल निघून जावं म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून महेशने चावी फिरवली. काळा धूर सोडत इंजिन चालू झालं.

"निघतो आम्ही," महेश म्हणाला. अकरा वाजत आले होते.

"पंखा लागल्याशिवाय सोडणार नाही. घाटात तापली तर?"

"आम्हाला घाट कुठला आता? इथून सरळ नाशिक."

"मग सिग्नलला तापेल. थांबा."

तिघेही त्या आकड्याकडे बघत राहिले. अकरा वर्षांत माझ्या शब्दाची कुणी इतकी वाट पाहिली नव्हती. नव्वद. पंच्याण्णव. सत्त्याण्णवला पंखा गरगरला.

"लागला गं बाई!" चंद्रभागाबाईंनी टाळी वाजवली.

"आता निघा. परतताना इंजिन निवलेलं असेल, तेव्हा रेडिएटरचं पाणी तेवढं बघा," मिस्त्री म्हणाले.

बाराला दहा कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

साडेचारला त्या महेशच्या हाताला धरून हळूहळू बाहेर आल्या. चेहऱ्यावरची सूज उतरली होती.

"मिस्त्रीनं पाणी बघायला सांगितलंय ना? बघ आधी."

"आई, तू बस बघू."

"माझं बघून झालंय. आता गाडीचं बघ."

मित्रांनो, आम्ही सेन्सर लहान असतो आणि आम्हाला एकच गोष्ट सांगता येते. ती चुकीची वाटली, तर आम्हाला फेकण्याआधी एकदा मोजून बघा. आणि खंडेनवमीला गाडी जरूर धुवा, हार घाला, पण इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नका. तिथे ओलं फडकं पुरतं.