धरली

धंद्यातले सगळे त्यांना झाकणमास्तर म्हणत. त्यात आदर किती आणि टवाळी किती, हे म्हणणाऱ्यांनाही धड सांगता आलं नसतं. लेन्सचं झाकण काढलं की ते डाव्या खिशात गेलंच पाहिजे. टेबलावर नाही, तोंडात तर नाहीच नाही. एका नवख्या फोटोग्राफरनं झाकण दातांत धरलेलं पाहून त्यांनी विचारलं होतं, "भूक लागली आहे का?" चाळीस वर्षांत त्यांचं एकही झाकण हरवलं नव्हतं, एकाही काचेवर ओरखडा नव्हता. माणसाला गर्व कशाचा असावा याला काही धरबंध नसतो. यांना झाकणांचा होता.

लेन्स एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना घेणाऱ्यानं "धरली" म्हणायचं आणि तोवर देणाऱ्यानं सोडायची नाही, हाही त्यांचाच कायदा. लेन्सच्या तोंडावर फिल्टर बसवायचा तर आधी उलटा फिरवायचा. आट्यात आटा येतो तिथं बारीकसं टक् होतं, बोटांना जेमतेम कळेल इतकं. ते झालं की मगच सुलटा. "घाई केलीत तर आटे वाकडे बसतात, आणि मग बसा बोंबलत," हे त्यांनी कितीजणांना ऐकवलं असेल कोण जाणे. सर्वांत नीट शिकली ती त्यांची सून. मुलाला कॅमेऱ्यात काडीचा रस नव्हता. त्यानं नोकरी धरली, सुनेनं स्टुडिओ.

सहा महिन्यांपूर्वी मास्तरांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं बधिर झाली. नस गेली आहे, परत येईल असं धरून चालू नका, असं डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी चिठ्ठीची घडी केली आणि घरी येऊन सांगितलं, डोळे तपासायला गेलो होतो. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कॅमेरा हातातून गेला असता, आणि खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला पाहण्यापलीकडे काही उरलं नसतं. या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. टक् बोटांना कळेना, म्हणून ते कानांनी ऐकू लागले. स्टुडिओतल्या शांततेत ते निभून जात होतं.

एवढंच की सून हल्ली "धरली" म्हणायची ते ओरडून.

"अगं, मी बहिरा नाही झालो!" ते करवादत.

"सवय लागली, बाबा," ती म्हणे आणि कामाला लागे.

मग छापखान्याचं काम आलं. नव्या यंत्राचे फोटो हवे होते, तेही यंत्र चालू असताना. पत्रा नव्या भांड्यासारखा लखलखत होता, चकाकी कमी करायला फिल्टर लागणारच. मास्तर कॅमेरा गळ्यात अडकवून स्टुलावर बसले, लेन्स मांडीवर घेतली, झाकण डाव्या खिशात टाकलं आणि फिल्टर उलटा फिरवला. यंत्राचा आवाज असा की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येऊ नये. बोटांना काही कळलं नाही, कानांनाही नाही. पुन्हा फिरवला. छापखान्याचा मॅनेजर घड्याळाकडे पाहू लागला.

मास्तरांनी अंदाज केला. जन्मभर ज्यानं अंदाजाला शिव्या घातल्या, त्यानंच. फिल्टर थोडा फिरला आणि अडला. त्यांनी फिल्टरची गोल कडी चिमटीत आवळून जोर लावला. कडी आवळली की ती आणखी घट्ट होते, हेही तेच शिकवत आले होते. फिल्टर एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली, असा पक्का रुतून बसला.

सोबत आलेली सून समोर येऊन वाकली. लेन्सखाली तिनं दोन्ही हात घातले आणि तिचे ओठ हलले. मास्तरांना ऐकू आलं नाही, म्हणून ते सोडीनात. ती पुन्हा ओरडली, आणि नेमकं त्याच वेळी कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीसाठी यंत्र बंद झालं.

"धरली!"

सगळा छापखाना वळून पाहू लागला. मास्तरांनी लेन्स सोडली.

माणसं जेवायला पांगली. सुनेनं केसांचं रबर काढून फिल्टरच्या कडीभोवती ताणून बसवलं, वर तळहात सपाट टेकवला आणि जराही न आवळता फिरवला. फिल्टर सुटला. पहिला आटा खरवडला होता. काच शाबूत होती.

"मला टक् कळत नाही," मास्तर म्हणाले. "बोटांना."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तुम्ही डोळे तपासून आलात ना, त्याच आठवड्यापासून. लेन्स घेताना मी ओढते, तरी तुम्हाला पत्ता नसतो. म्हणून तर ओरडते."

"मग बोलली का नाहीस?" मास्तर भडकले.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मास्तरांना लाज वाटली, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे त्यांना या वयात नव्यानंच कळत होतं.

तिनं लेन्स आणि फिल्टर पुढे केला. "घ्या, लावा. आत्ता शांत आहे, ऐकू येईल."

त्यांनी यंत्राकडे पाहिलं. अर्ध्या तासात ते पुन्हा सुरू होणार होतं.

"तू लाव," ते म्हणाले. "मी ऐकतो."

तिनं फिल्टर सावकाश उलटा फिरवला. टक् झालं. "आला," मास्तर म्हणाले, आणि तिनं सुलटा फिरवून बसवला. लेन्स तिनं त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला जोडली.

मग त्यांनी गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिनं हात पुढे केले.

"धरला," ती हळूच म्हणाली.

ते सोडीनात.

"बाबा, धरला म्हटलं ना."

"ऐकलं," ते म्हणाले आणि त्यांनी सोडला. "झाकण तेवढं माझ्या खिशात राहू दे."