सत्तावीस नंबरचा निळा

मी एक जुना कॅटलॉग आहे, खिडकीच्या ब्लाइंडच्या कापडांचा. नाकं मुरडू नका, मित्रांनो. या शहरातल्या कितीतरी घरांत दुपारी जी सावली पडते, ती आधी माझ्या पोटात होती.

माझा जन्म विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या दुकानात झाला. दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणत. त्यांनी अठ्ठेचाळीस कापडांचे तळहाताएवढे तुकडे कापले, पुठ्ठ्यांवर चिकटवले, नंबर घातले आणि सगळ्यांची डावी कड एका लोखंडी पट्टीखाली दाबून स्क्रू पिळले. वर मूठ बसवली. तेव्हापासून मी काकांच्या हाताला लटकून घरोघर हिंडलो.

आमचं शहर प्राध्यापकांचं आणि संगणकवाल्यांचं. माणसं हुशार, पण खिडकीपुढे उभी केली की सगळ्यांची त्रेधा. एका इंजिनिअरने माझ्या तीन राखाडी पानांचा लॅपटॉपवर तक्ता मांडला, प्रत्येकाला गुण दिले, बेरीज केली आणि शेवटी बायकोला हाक मारली. एका प्राध्यापक बाईंनी ऊन किती वाजता पलंगाच्या कोणत्या कोपऱ्यावर येतं, ते कागदावर काढून दाखवलं. पण त्या कोपऱ्यात त्यांचं मांजर झोपायचं आणि मांजराला ऊन हवं होतं. ब्लाइंड रद्द झाला. चार विद्यार्थ्यांना खोलीत अगदी मिट्ट काळोख हवा होता.

"दिवसा झोपायला का रे?" काकांनी विचारलं.

"छे हो काका, अभ्यासाला!" चौघं एका सुरात म्हणाले.

एवढं करून शंभरातली नव्वद घरं बारा नंबरचा राखाडीच घ्यायची. कुणी नावं ठेवायला नकोत, म्हणून.

काकांची एक खोड होती. ते माझं पान खिडकीच्या काचेला टेकवून धरायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "आता खाली जाऊन बघून या."

"अहो काका, आम्हाला आत राहायचंय!"

"राहायचंय आत, पण घरी येणार बाहेरूनच ना?"

लोक हसायचे, पण जिना उतरायचे.

माझं सत्तावीस नंबरचं पान गडद निळं होतं. ते इतकं देखणं, की काम नसलं म्हणजे काका मला त्याच पानावर उघडून दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवत. येणारे-जाणारे थबकायचे. मीही फुगलो. दोन उन्हाळे असा मिरवलो आणि तेवढ्यात निळा उडून राखट झाला. ते ना काकांना कळलं, ना मला. रोज बघणाऱ्याच्या लक्षात येतंच असं नाही.

त्याच सुमारास शहराच्या कडेला एकाच बिल्डरच्या बारा इमारती उभ्या राहिल्या. सारख्या उंचीच्या, सारख्या रंगाच्या, खिडक्यांची मापंसुद्धा तीच. तिथलं एक जोडपं दुकानात आलं. "बारा नंबर नको, सगळ्यांकडे तोच आहे," बायको म्हणाली. "हा सत्तावीस द्या. राखाडीच, पण जरा वेगळा." नंबर कारखान्यात गेला. सहा ब्लाइंड आले ते गडद निळे.

"काका, घराचा पोहण्याचा तलाव केलात की हो!" नवरा म्हणाला.

काकांनी मला त्या ब्लाइंडशेजारी धरलं, आणि सहाही ब्लाइंड परत घेऊन पैसे चुकते केले. इतक्या वर्षांत माणूस पहिल्यांदा चुकला होता, आणि चूक निघाली होती माझ्या पोटातून.

काकांच्या मुलीने ते सहाही ब्लाइंड माळ्यावर टाकले. मलाही टाकलं. "बाबा, आता टॅब्लेटवर दाखवायचं. वजन नाही, रंग उडायची भीती नाही." तिचं बरोबरच होतं. पोरगी कामाची, मला तिचा राग नव्हता. माळ्यावर मला ऊन लागत नव्हतं. पण आता ते टळून काय उपयोग?

दोन वर्षांनी एका सकाळी ती शिडी चढून आली. "बाबा, त्या बारा इमारतींतल्या एका आजींना टॅब्लेट पसंत नाही. म्हणतात, 'पोरी, हाताला लागेल असं कापड आण.' हा कॅटलॉग घेते. तुम्हीही चला."

आजींचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दुपारच्या उन्हासाठी त्यांना ब्लाइंड हवा होता, पण घरातलं वातावरण तापलं होतं ते वेगळ्याच कारणाने. आजोबा गणिताचे निवृत्त शिक्षक. रोज सकाळी एकटे फेरी मारायचे, पण हल्ली विसरायला लागले होते. महिन्याभरात दोनदा त्यांनी शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवून दार उघडणाऱ्या बाईंना विचारलं होतं, "तुम्ही माझ्या घरात काय करताय?"

"उद्यापासून एकट्याने खाली जायचं नाही," त्यांचा मुलगा आमच्यासमोरच म्हणाला.

"मी पोरांना वर्गाबाहेर उभं करायचो," आजोबा म्हणाले. "तू मला आत उभं करतोयस."

काकांनी आपलं सवयीने मला काचेला टेकवलं. "कुणीतरी खालून बघा."

"मी बघतो!" आजोबा चपला घालून निघालेसुद्धा. मुलगा मागोमाग धावला.

काकांनी बारा नंबर धरला होता. खाली आजोबांनी मान वर केली. बोटाने खिडक्या मोजत गेले. नजर आमच्यावरून सरकली, पुढे गेली आणि शेजारच्या इमारतीवर थांबली. तिथेही बारा नंबरच होता. आजोबांनी त्या परक्या खिडकीकडे बघून आनंदाने हात हलवला.

आजी माझी पानं भराभर उलटू लागल्या. सत्तावीसवर त्यांचा अंगठा लोखंडी पट्टीपाशी थांबला. त्यांनी पट्टीखाली दबलेली कापडाची कड नखाने जराशी बाहेर ओढली. "हे आत निळं दिसतंय."

"आजी, ते पान बाद आहे," काका ओशाळून म्हणाले. "त्यानेच माझं नाक कापलं."

"बाद झालंय ते वरचं. दाबलेलं आहे तसंच आहे. हा निळा मिळेल का?"

काकांची मुलगी हसली. "सहा आहेत, आजी! आणि तुमच्याच मापाचे."

दुपारी निळा ब्लाइंड बसला. आजींनी शेजारणींना दाखवायला मला ठेवून घेतलं, म्हणून पुढचं मी खिडकीजवळच्या टेबलावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा एकटे फेरीला गेले. आजींनी ब्लाइंड अर्ध्यावर ओढला. मुलगा खाली खांबाआड लपून उभा राहिला.

आजोबा परत आले, बारा इमारतींच्या मध्ये थांबले. त्यांनी बोट उचललं, पण मोजलं नाही. सरळ आमच्याकडे बघून हात केला. थोड्या वेळाने बेल वाजली, ती आमच्याच दाराची.

"सापडलं घर?" आजींनी विचारलं.

"हरवलं कधी होतं?" आजोबा म्हणाले.

मुलगा मागून वर आला आणि डोळे पुसत म्हणाला, "जा बाबा, रोज जा." किती दिवस जमेल ते आजींना ठाऊक नव्हतं. जमतील तेवढे दिवस, त्या म्हणाल्या.

मी आता पुन्हा दुकानात आहे, टॅब्लेटच्या शेजारी, उन्हापासून लांब. आजोबांचा निळाही उडणारच, म्हणून काका दर उन्हाळ्यानंतर तिथे जाऊन खालून बघून येतात. फिका पडला की नवा बसवायचा. माळ्यावर अजून पाच आहेत.

म्हणून सांगतो, मित्रांनो. आवडतं म्हणून कशालाही उन्हात विसरून जाऊ नका. आणि सारख्या खिडक्यांखाली कुणी आजोबा मान वर करून उभे दिसले, तर त्यांना हसू नका, घाईही करू नका. जवळ जाऊन एवढंच विचारा, "आजोबा, तुमची खिडकी कुठल्या रंगाची?"