मागच्या सीटवरचा फोन

मलेशियातल्या इपोहच्या साबरींची तीस वर्षं जुनी, वेगवान टर्बो गाडी सुरू होत नव्हती. स्टार्टर फिरत होता, ठिणगी पडत होती. संशय उरला मागच्या सीटखालच्या, टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पुरवणाऱ्या पंपावर. चावी फिरवली की पंप घरघरतो का, हे ऐकायला मागच्या सीटवर नेहमी बायको बसायची. ती वारल्यावर घरात ते एकटेच उरले होते. शेवटी त्यांनी पर्थमधल्या मुलीला फोन लावून तो मागच्या सीटवर ठेवला.

"ऐकू येतंय का गं, सुरया?"

"काहीच नाही, अबाह."

त्यांनी पंपाला वीज जोडणारा रिले काढून तिथे तसाच हॉर्नचा बसवला आणि परत चावी फिरवली.

"आता घरघरतंय. ठेवू? कामावर आहे मी."

"ठेव."

इंजिन सुरू झालं. जायचं कुठेच नव्हतं, तरी त्यांनी ते बराच वेळ बंद केलं नाही.